जुन्या मोटारीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर: मूळ कंपनीचा घ्यावा की आफ्टरमार्केट?

चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी०४२० हा कोड दिसतो आणि त्याच दिवशी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधील विषारी वायू कमी घातक करणारा भाग, बदलायचे ठरते. जुन्या मोटारीवर इतका खर्च कशाला, म्हणून हाती लागेल तो स्वस्त आफ्टरमार्केट, म्हणजे मोटारीच्या मूळ कंपनीचा नसलेला, कन्व्हर्टर बसवला जातो आणि काही महिन्यांत तोच दिवा, तोच कोड पुन्हा हजर होतो. मग खापर मालावर फुटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. जुना कन्व्हर्टर कशामुळे गेला आणि नव्याची परीक्षा कोण घेणार, हे न पाहताच खरेदी झालेली असते. पुढचे टप्पे त्यामुळेच या क्रमाने दिले आहेत. पहिले तीन पूर्ण होईपर्यंत दुकानात भाव विचारू नये.

हे विवेचन पेट्रोल इंजिनाच्या, त्रिमार्गी (तीन प्रकारच्या दूषित वायूंवर काम करणारा) कन्व्हर्टर असलेल्या मोटारींपुरते आहे. डिझेल मोटारींच्या यंत्रणेची तपासणी वेगळ्या पद्धतीने करावी लागते.

## टप्पा १: दोष कन्व्हर्टरचाच आहे याची खात्री करा

प्रथम स्कॅनरवर दिसणारे सगळे कोड आणि त्यांच्यासोबत साठवलेली त्या क्षणाची स्थिती, म्हणजे इंजिनाचे तापमान, फेरे, भार आणि वेग, लिहून घ्यावी. कोड पुसण्याची घाई केल्यास ही माहिती कायमची जाते. पी०४२० किंवा इंजिनाच्या दुसऱ्या बाजूसाठीचा पी०४३० एवढेच सांगतो, की कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरावीक मर्यादेखाली गेल्याचे संगणकाला वाटते. सोबत मिसफायरचे (सिलिंडरमधील इंधन नीट न पेटल्याचे) पी०३०० मालिकेतील कोड किंवा मिश्रण पातळ-दाट झाल्याचे पी०१७१, पी०१७२ असे कोड असतील, तर आधी त्यांचा निकाल लावावा. ते असेपर्यंत कन्व्हर्टरच्या कोडवर विश्वास ठेवता येत नाही.

यानंतर एक्झॉस्टची गळती शोधावी. मॅनिफोल्डला (इंजिनाला जोडलेल्या एक्झॉस्ट नळ्यांच्या जुडग्याला) बारीक तडा गेला असेल किंवा कन्व्हर्टरनंतर बसवलेल्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडचे गॅस्केट उडाले असेल, तर तेथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो आणि चांगला कन्व्हर्टरही नापास ठरतो. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात येणारा टकटक आवाज आणि जोडाजवळची काळी काजळी या गळतीच्या नेहमीच्या खुणा आहेत.

मग इंजिन पूर्ण गरम करून, मिनिटाला सुमारे २५०० फेऱ्यांवर स्थिर ठेवून कन्व्हर्टरच्या पुढच्या व मागच्या अशा दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचे आलेख पाहावेत. जुन्या पद्धतीचा पुढचा सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होतो. कन्व्हर्टर ठीक असेल तर मागचा सेन्सर बऱ्याच मोटारींत ०.६ ते ०.८ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सरळ रेषा दाखवतो. मागचा आलेख पुढच्याची नक्कल करू लागला, तर कन्व्हर्टरची ऑक्सिजन साठवण्याची क्षमता संपत आली आहे असे समजावे. पुढचा सेन्सर वाइडबँड प्रकारचा (मिश्रण किती पातळ वा दाट आहे ते नेमके मोजणारा) असेल, तर त्याचे आकडे असे दिसत नाहीत. अशा मोटारीत दोन आलेखांची तुलना न करता केवळ मागच्या सेन्सरची हालचाल पाहावी.

कन्व्हर्टर तुंबला असल्यास लक्षणे निराळी असतात: चढावर दम लागतो, फेरे ठरावीक आकड्यापुढे जात नाहीत. त्यासाठी पुढचा सेन्सर काढून त्या जागी दाबमापक लावावा. सामान्यतः संथ फेऱ्यांवर दाब दीड पीएसआयच्या आत आणि २५०० फेऱ्यांवर ३ पीएसआयच्या आत राहायला हवा. थंड असताना रबरी हातोडीने हलकेच ठोकून पाहावे. खुळखुळ ऐकू आली तर आतील सिरॅमिकचा ठोकळा सुटला किंवा फुटला आहे.

काही मॉडेलांसाठी उत्पादकांनी याच कोडच्या संदर्भात इंजिनाच्या संगणकाचे सुधारित सॉफ्टवेअर काढलेले आहे. आपल्या मोटारीसाठी तसे काही आहे का, हे अधिकृत सेवा केंद्रात एकदा विचारून घ्यावे.

तपासणी: कोडची यादी, गळतीचा निष्कर्ष आणि मागच्या सेन्सरचा आलेख, या तिन्हींची नोंद हाती आहे का? नसेल तर पुढे जाऊ नये.

## टप्पा २: जुना कन्व्हर्टर कशामुळे गेला ते शोधा

कन्व्हर्टर सहसा आपण होऊन मरत नाही, त्याला इंजिन मारते. जुन्या मोटारीत हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा असूनही तोच सर्रास गाळला जातो, आणि मूळ कंपनीचा महागडा भाग वर्षभरात वाया जाण्याचे कारणही बहुधा हेच असते.

मिसफायर होत असेल तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे जळते. कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला कामाला लागतो आणि एरवी ४०० ते ८०० अंशांत चालतो. तापमान बराच काळ ९०० ते १००० अंशांच्या वर राहिले, तर मौल्यवान धातूंचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, रासायनिक क्रियेसाठी उपलब्ध असलेला पृष्ठभाग घटतो आणि ही हानी भरून येत नाही. त्याहून जास्त तापल्यास सिरॅमिक वितळून वाटच बंद होते. स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल आणि गळके इंजेक्टर यांची तपासणी म्हणूनच खरेदीच्या आधी व्हायला हवी.

इंजिन ऑइल जाळत असेल तर ऑइलमधील फॉस्फरस आणि जस्त कन्व्हर्टरच्या पृष्ठभागावर थर धरतात. पिस्टन रिंग झिजलेल्या असोत की व्हॉल्व्ह सील कडक झालेले असोत, परिणाम एकच. हेड गॅस्केटमधून कूलंट जळत असेल तर त्यातील सिलिकेटसारखी द्रव्येही असाच लेप चढवतात. सेन्सरला न सोसणारे सिलिकॉन सीलंट वापरल्याने होणारी हानी मात्र निव्वळ निष्काळजीपणाची असते.

फ्यूएल ट्रिमचे, म्हणजे संगणक इंधन किती टक्के वाढवतो वा कापतो याचे, आकडे येथे उपयोगी पडतात. अल्पकालीन आणि दीर्घकालीन ट्रिमची बेरीज उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत असावी. ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. आकडा सतत बराच उणे असेल तर संगणक जादा इंधन कापत आहे, म्हणजे मिश्रण कोठेतरी दाट होत आहे. पुढचा ऑक्सिजन सेन्सर जुना व संथ झाला असेल तर तो संगणकाला चुकीची माहिती देतो. नवा कन्व्हर्टर त्याच्या भरवशावर सोडू नये.

सावधान: चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर कन्व्हर्टरला घातक ठरेल इतका मिसफायर चालू आहे. वेग व भार कमी करून मोटार शक्य तितक्या लवकर थांबवावी.

## टप्पा ३: नव्या कन्व्हर्टरची परीक्षा कोण घेणार?

मूळ की आफ्टरमार्केट, या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. कन्व्हर्टरचे परीक्षक दोन. पहिली म्हणजे धुराड्याच्या तोंडाशी होणारी वायूंची तपासणी, जी कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन यांचे प्रमाण मोजते. दुसरा परीक्षक म्हणजे मोटारीतील संगणक. तो वायू मोजत नाही. मागच्या सेन्सरच्या हालचालीवरून कन्व्हर्टर किती ऑक्सिजन साठवतो याचा अंदाज बांधतो आणि त्यावरून कार्यक्षमता ठरवतो. म्हणून एखादा आफ्टरमार्केट कन्व्हर्टर धुराच्या तपासणीत आरामात उत्तीर्ण होऊनही संगणकाच्या लेखी नापास ठरू शकतो. ‘धूर तर स्वच्छ आहे, मग दिवा का?’ या तक्रारीचे मूळ यातच आहे.

आपल्या मोटारीला मागचा ऑक्सिजन सेन्सरच नसेल, तर संगणकाची परीक्षा नाही आणि मान्यताप्राप्त, योग्य मापाचा आफ्टरमार्केट कन्व्हर्टर बहुधा पुरेसा ठरतो. मागचा सेन्सर असेल तर मूळ भागाकडे कल वाढतो. आणि मोटार जितकी अलीकडच्या, कडक उत्सर्जन मानकाची, तितका संगणक चुका कमी सहन करतो.

कायद्याची बाजूही याच वेळी पाहावी. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा १०३ क्रमांकाचा नियम बदली कन्व्हर्टरना लागू होतो आणि तो जेथे मानला जातो तेथे मान्यताप्राप्त भागावर वर्तुळातील ‘ई’ हे चिन्ह असते. कॅलिफोर्नियात आफ्टरमार्केट कन्व्हर्टरवर एअर रिसोर्सेस बोर्डाचा मान्यता क्रमांक असावा लागतो आणि तो ठरावीक मोटारींपुरताच लागू असतो. आपल्या ठिकाणचा नियम कोणताही असो, ‘मान्यताप्राप्त’ हा विक्रेत्याचा शब्द पुरेसा मानू नये. क्रमांक आणि तो कोणत्या मॉडेलांना लागू आहे ती यादी पाहावी. मूळ कन्व्हर्टर अजून उत्पादकाच्या वॉरंटीत आहे का, हेही तपासावे. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्यानुसार ही वॉरंटी ८ वर्षे किंवा ८०,००० मैल असते, म्हणजे फार जुन्या नसलेल्या मोटारीला ती लागू असू शकते.

सावधान: मागचा सेन्सर स्पेसर लावून बाहेर सरकवणे किंवा संगणकातील तपासणी बंद करणे हा उपाय नव्हे. त्याने केवळ दिवा विझतो, दोष तसाच राहतो आणि अनेक ठिकाणी तो गुन्हा ठरतो.

## टप्पा ४: बाजारात नेमके काय मिळते

‘मूळ’ आणि ‘आफ्टरमार्केट’ या दोन शब्दांत पाच-सहा वेगवेगळ्या वस्तू दडलेल्या आहेत.

मूळ कंपनीचा भाग. यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचे प्रमाण व ऑक्सिजन साठवणाऱ्या सिरियम ऑक्साइडचा थर त्या इंजिनासाठी आणि त्याच्या संगणकाच्या मर्यादेसाठी ठरवलेला असतो. किमतीचा मोठा वाटा या धातूंचाच. जुन्या मॉडेलसाठी तो मिळेनासा झालेला असू शकतो, आणि मिळाला तरी अनेकदा मॅनिफोल्डसह अखंड घ्यावा लागतो.

उच्च प्रतीचा आफ्टरमार्केट, थेट बसणारा. मूळ फ्लँज (बोल्टने जोडायच्या कडा) आणि सेन्सरच्या जागा तशाच असतात. चांगले उत्पादक एकाच मॉडेलसाठी दोन प्रती बनवतात: साधी, आणि धातूंचे प्रमाण वाढवलेली. संगणक कडक असेल तर केवळ दुसरीचाच विचार करावा. माझ्या मते जुन्या मोटारीच्या बहुसंख्य मालकांसाठी खरी स्पर्धा मूळ भाग आणि ही वाढीव प्रत यांच्यातच आहे. उरलेले पर्याय क्वचितच परवडतात.

स्वस्त, थेट बसणारा. बाहेरून हुबेहूब. आत धातू कमी, सिरियम कमी, आणि बऱ्याचदा ठोकळाही लहान. नवा असताना मर्यादेच्या किंचित वर राहतो, म्हणून पहिले काही महिने दिवा लागत नाही; नैसर्गिक झीज सुरू झाली की तो मर्यादेखाली येतो. वजनावरून पारख करू नये, कारण वजन मुख्यतः पोलादी कवचाचे असते.

युनिव्हर्सल, वेल्डिंग करून बसणारा. मागचा सेन्सर नसलेल्या जुन्या मोटारींत हा योग्य ठरू शकतो, पण इंजिनाची क्षमता, मोटारीचे वजन आणि नळीचा व्यास या तिन्हींशी तो जुळला पाहिजे. जागाही मूळचीच हवी: इंजिनापासून दूर नेला तर तो उशिरा तापतो, जवळ आणला तर जास्त तापतो.

वापरलेला मूळ कन्व्हर्टर. कोणत्या इंजिनाने त्याला कसे वागवले हे कळत नाही आणि तो चोरीचा असण्याची शक्यताही असते. टाळावा.

ठोकळ्यातील छिद्रांच्या दाटीबद्दलही विचारावे. बऱ्याच मूळ कन्व्हर्टरमध्ये दर चौरस इंचाला ४०० किंवा ६०० छिद्रे असतात. शर्यतीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या २०० किंवा त्याहून कमी छिद्रांच्या कन्व्हर्टरने वायू मोकळे जातात, मात्र क्रियेसाठी मिळणारा पृष्ठभागही कमी होतो.

सीएनजीवर चालणाऱ्या मोटारीसाठी एक गोष्ट वेगळी लक्षात घ्यावी. मिथेन हा सहजी न जळणारा वायू आहे आणि त्याच्या विघटनासाठी जास्त तापमान व जास्त पॅलेडियम लागते. पेट्रोलसाठी बनवलेला स्वस्त कन्व्हर्टर येथे आणखी तोकडा पडतो.

## टप्पा ५: निर्णय

पुढील स्थितीत मूळ भाग घ्यावा: मोटार आणखी बरीच वर्षे ठेवायची आहे, इंजिन निरोगी आहे, मागचा सेन्सर आहे, आणि स्थानिक तपासणीत संगणकातील कोडही वाचले जातात. मोटारीवर पूर्वी एकदा आफ्टरमार्केट बसवून दिवा परत आला असेल आणि इंजिनात दोष सापडत नसेल, तरीही हाच निर्णय योग्य. तिसऱ्यांदा खर्च करण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

मोटार दोन-तीन वर्षांत काढायची असेल किंवा मूळ भाग मिळतच नसेल, तर वाढीव धातूंची, लेखी मान्यता असलेली आफ्टरमार्केट प्रत घ्यावी. मागचा सेन्सर नसेल तर साधी मान्यताप्राप्त प्रतही चालेल.

इंजिन ऑइल जाळत आहे आणि त्याची दुरुस्ती करायची नाही, ही स्थिती अवघड. अशा इंजिनावर मूळ भाग बसवणे म्हणजे पैसे जाळणे. एकतर इंजिन दुरुस्त करावे, नाहीतर मान्यताप्राप्त आफ्टरमार्केट बसवून त्याचे आयुष्य कमी असणार हे आधीच मान्य करावे.

## टप्पा ६: पैसे देण्यापूर्वी

भाग मागवताना मोटारीचे मॉडेल आणि वर्ष एवढेच सांगून भागत नाही. एकाच वर्षी एकाच मॉडेलला दोन इंजिने किंवा दोन उत्सर्जन मानके असू शकतात, म्हणून चासी क्रमांक, इंजिनाचा संकेत आणि बॉनेटखालच्या उत्सर्जन पट्टीवरील माहिती द्यावी.

वॉरंटीबाबत एक प्रश्न नेमका विचारावा: ती कवचाची आहे की रासायनिक कामगिरीची? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८६ साली आफ्टरमार्केट कन्व्हर्टरबाबत ठरवलेल्या धोरणात कवचासाठी ५ वर्षे किंवा ५०,००० मैल, तर कामगिरीसाठी केवळ २५,००० मैल अशी विभागणी होती. जाहिरातीत मोठा आकडा झळकतो तो बहुधा कवचाचा. पी०४२० परत आल्यास भाग बदलून मिळेल का, आणि त्यासाठी इंजिन ठीक असल्याचा कोणता पुरावा लागेल, हे बिलावर लिहून घ्यावे. टप्पा १ आणि २ मधील नोंदी येथे कामाला येतात.

जुना मूळ कन्व्हर्टर कोणाला देऊन टाकू नये. त्यातील धातूंना किंमत असते, आणि नवा भाग नापास झाल्यास तुलना करायलाही तोच लागतो. काही विक्रेते जुना भाग परत घेऊन रक्कम वजा करतात. ती अट आधीच विचारावी.

तपासणी: नवा आणि जुना कन्व्हर्टर शेजारी ठेवून फ्लँज, सेन्सरचे भोक, लांबी आणि प्रवाहाचा बाण जुळतो का ते पाहावे. वेल्डिंगने ओढूनताणून जुळवावा लागणारा ‘थेट बसणारा’ भाग परत करावा.

## टप्पा ७: बसवणे

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, बॅटरीची ऋण तार काढावी आणि मोटार स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या आधारावर खाली जाऊ नये.

२. गंजलेल्या बोल्टवर आदल्या दिवशीच गंज सोडवणारे तेल सोडावे. स्टड तुटणे हा या कामातला सर्वांत खर्चिक उशीर असतो.

३. सेन्सर काढताना खाच असलेला खास सॉकेट वापरावा आणि तारांना पीळ देऊ नये. सेन्सर परत बसवायचा असल्यास आट्यांवर, आणि केवळ आट्यांवरच, उच्च तापमानाचे अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारे वंगण) लावावे. टोकाला लागल्यास सेन्सर निकामी होतो. नव्या सेन्सरच्या आट्यांना ते सहसा आधीच लावलेले असते.

४. काढलेल्या कन्व्हर्टरचे तोंड उजेडात पाहावे. वितळलेला ठोकळा मिसफायर किंवा दाट मिश्रण दाखवतो, पांढुरका-राखाडी थर बहुधा ऑइल किंवा कूलंट दाखवतो, तर बाहेरून पोचा असलेल्या जागी फुटलेला ठोकळा आघात दाखवतो. येथे दिसलेले कारण टप्पा २ च्या निष्कर्षाशी जुळत नसेल, तर काम थांबवावे. फुटलेले तुकडे पुढच्या नळीत किंवा सायलेन्सरमध्ये अडकलेले असतील तर तेही काढावेत.

५. नवी गॅस्केट आणि नवे नट वापरावेत. सीलंट लावू नये. सगळे बोल्ट आधी सैलसर बसवून नळी हँगरवर सरळ आल्यावर पुढून मागे कसत जावे. ताणलेली नळी काही महिन्यांत जोडापाशी तडकते.

६. उष्णतारोधक पत्रे परत बसवावेत. ‘खडखडतो’ म्हणून पत्रा फेकून देणे धोक्याचे आहे.

सावधान: वेल्डिंग करावे लागल्यास सेन्सर आधी काढावेत, अर्थिंगचा चिमटा वेल्डजवळच लावावा आणि ठिणग्या सिरॅमिकवर पडू देऊ नयेत.

## टप्पा ८: पहिला तास आणि पहिला आठवडा

ठोकळ्याभोवतीचे आवरण उष्णतेने फुगून ठोकळ्याला घट्ट धरते. त्याला ती संधी मिळावी म्हणून उत्पादकाच्या सूचना पाळाव्यात. सूचना नसतील तर इंजिन काही मिनिटे संथ चालवून, मग सुमारे २५०० फेऱ्यांवर दोनएक मिनिटे ठेवून थंड होऊ द्यावे. या वेळी थोडा धूर आणि वास येणे स्वाभाविक आहे. मोटार वाळलेल्या गवतावर उभी करू नये.

आता कोड पुसावेत. पुसताच कन्व्हर्टरची अंतर्गत तपासणी ‘अपूर्ण’ दाखवू लागते आणि अशा अवस्थेत मोटार तपासणीला नेल्यास ती परत पाठवली जाऊ शकते. रात्रभर थंड झालेले इंजिन सुरू करणे, मग मोकळ्या रस्त्यावर काही मिनिटे स्थिर वेगाने चालवणे आणि ब्रेक न लावता वेग उतरू देणे, अशा मिश्र प्रवासात ती पूर्ण होते; नेमका क्रम मोटारीच्या पुस्तिकेत पाहावा.

येथे एक फसगत होते. बऱ्याच मोटारींत दोन सलग प्रवासांत तपासणी नापास झाल्यावरच दिवा लागतो. त्यामुळे पहिल्या दिवशी दिवा लागला नाही याला पुरावा मानू नये. अंतर्गत तपासणी ‘पूर्ण’ दिसेपर्यंत थांबावे, प्रलंबित कोडांचे पान रिकामे आहे का ते पाहावे आणि टप्पा १ प्रमाणे २५०० फेऱ्यांवर मागच्या सेन्सरचा आलेख पुन्हा घ्यावा. तो सरळ असेल तर त्याचे चित्र बिलासोबत जपून ठेवावे, साधारण महिन्याभराने पुन्हा एकदा आलेख घेऊन त्याच्याशी ताडून पाहावा, आणि त्यानंतरच जुना कन्व्हर्टर विक्रीला काढावा.